कुरवंड्याच्या मांडवातला भोंगा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तळेगावात कॉम्प्युटर क्लास घेते मी. 'ताई, झोप नीट झाली नव्हती का?' अशा कमेंट्स करायच्या असतील तर खुशाल करा... झालं ते झालं.

मे महिन्यात कुरवंड्याला माझ्या धाकट्या बहिणीचं, मयूरीचं लग्न होतं. आमच्याकडे मुहूर्त असतो तो फक्त पत्रिकेत. पुढारी येईपर्यंत माईकवर स्वागत चालूच! भावकीत एकटे आमचे वडील, आप्पा, घड्याळ धरून मांडवाच्या दारात उभे राहायचे आणि वेळ झाली की माईक बंद करायला लावायचे. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी, तिथल्या भोंग्यावर घड्याळ लावायची सवय. आप्पा गेले त्याला वर्ष झालं. मयूरीचा एकच हट्ट – "ताई, आप्पांनी लावलं असतं तसंच लग्न वेळेवर लाव."

म्हणून मी फोनमध्ये खास क्लॉक ॲप घेतलं. नेट नसलं तरी चालणारं. चुलतभाऊ संतोषदादा हसला, "ॲप कशापायी? वेबसाईटवर बिनचूक टाइम दिसतोय की!" सकाळी दोन्ही फोन शेजारी ठेवले, वेळ अगदी सारखी.

संध्याकाळी अंतरपाट धरलेला, ॲपवर मुहूर्त आलाच, आणि दादा शेवटचं मंगलाष्टक थांबवून पाहुण्यांची नावं वाचतोय. मी खुणावलं तर त्याने फोन पुढे केला. "आगं, अजून लय टाइम हाय. सायेब वळणावर आल्यात." वेबसाईटवर खरंच वेळ मागे होती. मलाही वाटलं, आपलंच ॲप पुढे पळतंय की काय...

तेवढ्यात भोंगा वाजला. डेपोचा! क्वार्टर्समध्ये वाढले मी, तो आवाज ओळखायला मी चुकणार नाही. पण देहूरोड कुठे, कुरवंडे कुठे! मी माईक हिसकावला – "भटजी, शेवटचं घ्या!" लग्न लागलं.

दादाचं पेज रेंज गेल्यामुळे अडकलं होतं, त्यात काही गूढ नाही. भोंगा मात्र कुणीच ऐकला नव्हता. व्हिडिओतही नाही. 'टेन्शनमुळे भास,' म्हणाले सगळे. असेल, मीही मान्य करून टाकलं होतं.

पण त्याच व्हिडिओत, मी माईक हिसकावायच्या आधी, मयूरी एकदम मान वर करून मांडवाच्या दाराकडे बघते. कशाला गं, म्हणून विचारलं.

"भोंगा झाला ना," ती म्हणाली.

आता कुणी समजावायला येऊ नका. ॲप फोनमध्ये आहे. भावकीतल्या पुढच्या लग्नात मांडवाच्या दारात मी उभी राहणार, दादाला सांगून ठेवलंय.