हळदीच्या पेवातले स्फटिक

डॉ. वत्सलाबाई जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट सांगलीच्या आमच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत झाली. मी आटपाडीहून नुकताच शिकायला आलो होतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून बाटल्यांचा अख्खा ट्रे पडला आणि बाईंचे दोन महिन्यांचे काम फरशीवर सांडले. बाईंनी आधी माझ्या कापलेल्या बोटाला पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "उद्यापासून ट्रे तूच उचलायचास. आता तुझ्याइतकं जपून कोणी धरणार नाही."

बाई मूळच्या वडूजच्या, वडील लष्करात सुभेदार. दुष्काळात गाव हुलग्यावर, म्हणजे कुळथावर, दिवस काढी, आणि हुलगा कमी शिजला की पोरांची पोटे दुखत. हुलग्यातले एक प्रथिन पाचकरसाला अडवते, हे ठाऊक होते. कसे अडवते, हे त्याची घडण पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. त्यासाठी त्याचे स्फटिक हवे होते. आमच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात ते दोनदा धरले आणि दोनदा विरघळले. बाईंनी विचारणा केल्यावर मोठ्या संस्थेतल्या एका तज्ज्ञांनी पत्राने कळवले, 'हे प्रथिनाचे नव्हेत, मिठाचे खडे असावेत. सांगलीत हे काम होणार नाही.'

बाई मला घेऊन हरिपूरला गेल्या. तिथे हळद साठवायची पेवे जमिनीत खोल खणलेली असतात, उन्हाचा चटका आत पोचत नाही. मुकादम गणपतराव चकित झाले.

"आवं बाई, हळदीच्या जागी बाटल्या? काय पिकणार हाय त्यात?"

"पिकलं तर तुम्हालाच आधी दाखवीन."

"मग पयला कंदील सोडू. इझला तर आतली हवा वाईट, कुणी उतरायचं न्हाई."

कंदील जळत राहिला. मी पुढे झालो, तर बाईंनी मला मागे सारले. "काम माझं आहे, मीच उतरणार." पंचावन्नाव्या वर्षी पदर खोचून त्या दोराने खाली गेल्या.

सव्वा महिन्याने बाटल्या वर आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत खडे! मीठ असेल तर सुईखाली कडकन फुटणार, प्रथिन असेल तर निमूट चुरणार. बाईंनी सर्वांत देखणा खडा निवडला आणि सुई टेकवली. आवाज आला नाही. खडा लोण्यासारखा दबला.

"मोडला की ओ!" गणपतराव हळहळले.

"मोडला म्हणूनच जिंकलो, गणपतराव!" बाई खळखळून हसल्या.

उरलेले स्फटिक मांडीवर सांभाळत बाईंनी मिरजेहून रेल्वेने बंगळूर गाठले. क्ष-किरणांच्या फिल्मवर ठिपक्यांच्या ओळी उमटल्या. त्या ठिपक्यांवरून घडण उभी करायला चार वर्षे लागली. प्रथिनाला दोन तोंडे निघाली, एकाच वेळी दोन पाचकरसांना पकडणारी! परिषदेत बाईंनी हे मांडले तेव्हा तेच तज्ज्ञ उभे राहिले. "मी चुकलो होतो. हे काम सांगलीतच झालं." सभागृह टाळ्यांनी दणाणले. टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, "आपलं पत्र आलं नसतं, तर सुई लावून पाहायचं मला सुचलंच नसतं."

बाईंनी यंदा साठी गाठली आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मटकीच्या प्रथिनाला हात घातला. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि आमच्या चुका त्यांनी काढाव्यात, हे भाग्य आम्हा शिष्यांना तितकीच वर्षे मिळो.