हीट पंप आणि अण्णांची कानटोपी

दुबईत राहून पाणी कशावर तापवायचं यावरून भांडणारं कुटुंब आमचंच. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं उकळतं, की नळाखाली पातेलं धरून थेट चहापत्ती टाकावी! पण अल बर्शातला भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही स्वतःचं घर घेतलं ते नेमकं जानेवारीत. शिवाय वास्तुशांतीला नाशिकहून माझे सासरे अण्णा आले. (निवृत्त हेडमास्तर. निवृत्ती फक्त कागदोपत्री.)

"जावईबापू, गॅसचा गीझर घ्या. नळ सोडला की कढत पाणी!"

"अण्णा, गॅस आता आउटडेटेड. हीट पंप! हवेतली उष्णता ओढायची, पाण्याला द्यायची. वीज नाममात्र."

"आणि ती हवा?"

"गार होते."

"मग कुठे जाते?"

हेडमास्तरांना शास्त्र शिकवण्यात वेळ घालवू नये म्हणून मी हसून विषय बदलला.

"अरे, निदान तो बाहेर तरी बसव," बायको म्हणाली.

"मंजिरी, फुकटचा एसी वाळवंटात सोडू? घरात सोडू!"

आणि मी तो पंप स्टोअररूममध्ये बसवून घेतला. त्यातून निघणाऱ्या हवेचा पाइप शेजारच्या खोलीत काढला. पाहुण्यांच्या. म्हणजे अण्णांच्या. टेक्निशियन म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सर." आखातात प्रॉब्लेमची सुरुवात याच वाक्याने होते!

पहिल्या सकाळी अण्णांची अंघोळ उरकली. "पाणी झकास हो!" आतून आवाज आला. मी मंजिरीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. अण्णा टॉवेल गुंडाळून खोलीत गेले आणि पाठोपाठ किंकाळी आली.

"मंजेऽऽ! खोलीत बर्फाचा कारखाना काढलाय काय तुझ्या नवऱ्याने?"

पुढचं सगळं शुद्ध विज्ञान. अण्णांना हुडहुडी भरली, म्हणून ते पुन्हा गरम पाण्याने न्हायले. पाणी संपलं, म्हणून पंप जोरात सुरू झाला. पंप सुरू, म्हणून खोली आणखी गार. खोली गार, म्हणून अण्णा पुन्हा बाथरूममध्ये! जेवणाआधी त्यांच्या तीन अंघोळी झाल्या. एवढं स्नान त्यांनी गोदाकाठी राहूनही कधी केलं नसेल.

"आजोबा, युअर रूम इज सो कूल!" आमची इरा म्हणाली.

"कूल नाही, काश्मीर म्हण!" अण्णांनी बॅगेतून कानटोपी काढली. दुबईला येताना ती कशाला आणली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांती. तोवर गारठा हॉलपर्यंत पोचला होता. होम पेटताच सगळे पाहुणे भक्तिभावाने कुंडाभोवती सरकले. ऐन संकल्पात अण्णा शिंकले, मग गुरुजी शिंकले. विधी संपले तरी एकही माणूस जागचा उठेना. शेवटी गुरुजीच हात शेकत म्हणाले, "यजमान, आणखी थोडं तूप सोडा. घाई नाही."

पाहुणे गेल्यावर मंजिरीने पंपाचं बटण बंद केलं. "खलास! आता हा बाहेर हलेपर्यंत पाणी मी तापवते." तिने शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. अण्णा कानटोपीतून म्हणाले, "म्हणजे गॅसच की हो, जावईबापू!"

एवढं ऐकून जावयाने काय करावं? पंप जागचा हलवणं म्हणजे हार! मी तडक मॉल गाठला आणि अण्णांच्या खोलीसाठी चांगला दणकट रूम हीटर मागितला. सेल्समनने तो कपाटाच्या मागून शोधून काढला, धूळ पुसली आणि कौतुकाने विचारलं, "सर, कौनसी कंट्री ले जा रहे हो? प्लग वैसा देता हूँ."

घरचा पत्ता सांगायची लाज वाटली.

"नॉर्वे," मी म्हणालो.