देवनागरीतलं जर्मन गाणं

मस्कतमध्ये ईस्टरचा रविवार म्हणजे कामाचा दिवस. म्हणून आमच्या चर्चच्या कॉयरने कँटाटा ठेवली ती पुढच्या शुक्रवारी. तीनशे वर्षांपूर्वीचं जर्मन भजनच म्हणा ना, पण सात भागांचं, व्हायोलिनच्या साथीने चार आवाजांत गायचं. मरणाची आणि जीवनाची झुंज, शेवटी जीवन जिंकतं. गाणारे कोण, तर नर्सेस, ऑफिसवाले, हॉटेलवाले. जर्मन कुणाच्या बापाला येत होतं!

खालच्या पट्टीला आम्ही दोघेच, दोघेही वसईकर. मी अल् घुब्राला राहणारा कारकून आणि शेजारी दार्सैतचे सुतारकाका. काकांची मराठी सातवी. इंग्रजी अक्षरं लावत बसले की गाणं पुढे निघून जायचं. मग त्यांनी मोबाइलवर ऐकून ऐकून सगळं जर्मन देवनागरीत उतरवलं, शाळेच्या दोनशे पानी वहीत. त्यावर बोट ठेवून गायचे, आणि काय गायचे! शिकवणाऱ्या बाई मला म्हणायच्या, उच्चार यांचे ऐक. मला ते झोंबायचं, खोटं कशाला बोलू?

काकांना गाण्याचा नाद लागला तो इथे आल्यावर. काकू वसईला, त्यांनी काकांचं गाणं फक्त फोनवर ऐकलेलं. त्या वर्षी त्या पहिल्यांदाच व्हिजिटवर आल्या. "आता समोर बसून ऐकणार माझं!" काका सगळ्यांना सांगत सुटले होते.

आणि मी काय केलं? पहिल्या रांगेत दूतावासातले गोरे पाहुणे दिसले आणि माझ्या अंगात शिष्टपणा संचारला. सगळ्यांच्या हातात काळ्या फाइली, आणि यांच्या हातात कव्हरवर फुटबॉलवाला असलेली वही!

"काका, ती वही आत ठेवा. बरं दिसत नाही."

"अरे, मग मी वाचू कशातून?"

"इतके महिने गाताय, पाठ असेल की. यल्ला, चला, बाई बोलावतायत."

काका वही ठेवून, इंग्रजी अक्षरांची काळी फाइल घेऊन आले. पहिला भाग त्यांनी कसाबसा रेटला. दुसऱ्यात अडखळले. तिसऱ्यापासून गप्पच. फाइल उघडी, ओठ मिटलेले. मला शेजारी सगळं कळत होतं, पण थांबतो कसला! मी अधिकच जोर लावून गायलो.

संपल्यावर काकू मोबाइल पुढे धरूनच आल्या. सगळं रेकॉर्ड केलं होतं. "भाऊ, सगळ्यांचे आवाज मिसळतात हो. यांचा कुठला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

"हा काय, काकू," मी म्हणालो, "खालचा, भरदार. तो काकांचा."

"होय, माझाच," काका म्हणाले. काकूंनी तिथेच डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर काका कॉयरला आले नाहीत. दार्सैतला जाऊन त्यांचे पाय धरायला हवे होते, टॅक्सीने कितीसं लांब! उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. दोन वर्षांनी ते नोकरी सोडून गावी गेले आणि वर्षभरात वारले.

काकू अजून ते रेकॉर्डिंग लावून बसतात, असं गावचे लोक सांगतात. नवऱ्याचा आवाज म्हणून त्या माझा आवाज ऐकतात.