एकशे अठरा की तीनशे बारा

बाबांना डेंग्यू झाला तेव्हा वसईच्या एका हॉस्पिटलात आम्ही सहा दिवस होतो. बाबा जूचंद्र गावचे, जन्मभर भातशेती केलेले. गोळी घ्यायचीही सवय नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "यांना साखर आहे. बरीच आहे. इन्सुलिन सुरू केलंय."

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "मना कवा झाली साखर?"

त्याच दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. विषाणूच्या तापात साखर आणि थायरॉइड कसे बदलतात, याचा अभ्यास हॉस्पिटलात चालू होता. त्यासाठी जादा एक नळी रक्त आणि सही हवी होती. "सक्ती नाही," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला जास्तच संशय आला. सकाळी साखर निघाली आणि लगेच अभ्यासवाल्या बाई हजर? मी नाही म्हटलं. त्या शांतपणे गेल्या, पण संध्याकाळी पुन्हा येऊन फाइल चाळून गेल्या. मी दुरून बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पहारा सुरू केला. सकाळी नर्सने बाबांच्या बोटाला सुई टोचली आणि पुटपुटली, "एकशे अठरा." मी तो आकडा पेपरच्या कडेला लिहून ठेवला. थोड्या वेळाने दुसरी नर्स येऊन इन्सुलिन देऊन गेली. नाश्ता बाबांनी दोन घासात सोडला. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला. ताप उतरतोय म्हणून मी खूश झाले आणि टॉवेलने पाठ पुसत बसले.

तेवढ्यात त्या डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्यांच्या हातातल्या फाइलवर मी वाकून बघितलं. सकाळची साखर, तीनशे बारा.

माझा तोल गेला. "अभ्यासाला पेशंट मिळावेत म्हणून आकडे वाढवता का तुम्ही?" सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला.

त्या चिडल्या नाहीत. पेपरवरचा माझा आकडा बघितला, मग बाबांचा चेहरा. "घाम कधीपासून येतोय?" असं विचारत त्यांनी स्वतःच बाबांचं बोट टोचलं. साखर बावन्न होती, धोक्याइतकी कमी. धावपळ झाली, ग्लुकोज चढवलं. बाबा डोळे उघडून म्हणाले, "पानी दे."

मग उलगडा झाला. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही आमच्याच गावचे आणि आडनावही तेच. दोन दिवस त्यांचे आकडे बाबांच्या फाइलीत पडत होते. साखर त्यांना होती, औषध बाबांना मिळत होतं. बाई म्हणाल्या, "दाखल झाले त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टशी हे आकडे जुळत नव्हते. म्हणूनच मी सारखी येत होते."

दुपारी वॉर्डच्या मुख्य नर्सबाईंनी तो पेपर गोड बोलून मागितला, "रेकॉर्डला लागेल." मी दिला नाही. शेजारच्या गृहस्थांच्या बायकोला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन मी सगळं सांगितलं. ती खाली बसली, मग उठून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी अतिदक्षता विभागात हलवलं. आठवड्याभराने ते घरी गेले.

आम्हाला घरी सोडायच्या आदल्या दिवशी बाबांनीच त्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. "आना तो कागद. माजी सही मी करीन." मी पेन पुढे केलं. त्या जादा नळीतून बाबांचा थायरॉइड मंद असल्याचं कळलं. दोन-तीन वर्षं ते थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं यांबद्दल तक्रार करत होते आणि आम्ही त्याला वय म्हणत होतो.

बाईंनी फोन करून गोळी सांगितली. मी त्यांचे आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना नायगावच्या लॅबमध्ये नेऊन तीच तपासणी परत करून घेतली. आकडा जुळला. गोळी सुरू केली. हे मी त्या बाईंना कधी सांगितलं नाही.