पवनचक्कीच्या मतदानाला, सुजाताच्या गाडीतून

"आई, लोक हॉलिडेला बीचवर जातात. तू व्होटिंग बघायला जातेस?" माझी लेक किचनमध्ये टोस्ट खात म्हणाली. तिला काय सांगणार? सुजाता आणि मी नागपूरच्या एकाच वस्तीत वाढलो. मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये चिकटले आणि ती नर्स होऊन स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका चिमुकल्या बेटावर जाऊन बसली. कित्येक वर्षं "ये गं, ये गं" चाललं होतं. या मे महिन्यात तिचा फोन आला, "आमच्याकडे पवनचक्कीवर मतदान आहे. आता तरी ये." मी रजा टाकली.

नॉटिंगहॅमहून निघून गाडी बदलून एडिनबरा, तिथे एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासगो आणि पुढे ओबनची छोटी रेल्वे. जाणार असाल तर डाव्या बाजूची सीट धरा, खिडकी सोडू नका आणि डबा बरोबर घ्या, कारण गाडीत काही मिळेल याची खात्री नाही. पाणी, डोंगर, पुन्हा पाणी असं चालू राहतं. मी पुस्तक उघडलं होतं, पण एकही पान उलटलं नाही. कुठे झोप लागली आणि कुठे जागी होते, ते आता आठवून सांगता येत नाही.

ओबनच्या धक्क्यावर खेकड्याचं सँडविच खा, महाग वाटलं तरी खा. बोटीला पायी जाणाऱ्यांचं तिकीट स्वस्त असतं. गाडी न्यायची असेल तर बुकिंग आधीच करावं लागतं, नाहीतर धक्क्यावर बसून समुद्र बघत राहाल. डेकवर माझ्या शेजारी बेटावरचे दोन म्हातारे होते.

"पंखा फिरायला लागला की मेंढ्या बिथरतात म्हणे," एक म्हणाला.

"तुझ्या मेंढ्या तुला बघूनही बिथरतात," दुसरा म्हणाला, आणि दोघंही समुद्राकडे बघत बसले.

बेटाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, उद्या सुजाताला दुकानात जाणं अवघड व्हायचं. बेटाची जमीन तिथल्या लोकांच्याच ट्रस्टच्या मालकीची आहे, त्यामुळे मोठं काही करायचं तर सगळ्यांचं मत घेतात. यावेळचा प्रश्न सोपा होता. उत्तरेच्या टेकडीवर पवनचक्की उभारायची का? तिची वीज विकून जो पैसा येईल, त्यातून बेटावरच्या जुन्या, गळक्या, थंडगार घरांना ऊब येईल अशी व्यवस्था करायची. हो की नाही, एवढंच.

सुजाता अर्थातच हो म्हणणाऱ्यांत होती. पहिल्या संध्याकाळी तिने हॅडॉक मासा सावजी मसाल्यात शिजवला. बाहेर उजेड मावळायला तयार नव्हता, गवतात पिवळी-पांढरी फुलं पसरली होती, आणि त्या सगळ्याकडे पाठ करून ती मला मोरॅगबद्दल सांगत होती. मोरॅग म्हणजे शेजारची म्हातारी. सुजाता बेटावर नवी आली तेव्हा हिनेच तिला चूल पेटवायला शिकवली आणि आजारपणात हिनेच तिला सूप आणून दिलं. गेल्या हिवाळ्यात मोरॅगला न्यूमोनिया झाला. वादळामुळे बोट बंद, शेवटी हेलिकॉप्टरने न्यावं लागलं.

"घराच्या भिंती ओल्या आहेत गं तिच्या," सुजाता म्हणाली. "अजून एक तसा विंटर ती काढू शकणार नाही. मी नर्स आहे, मला कळतं."

"मग ती हो म्हणेलच की."

"ती नाही म्हणणारे. टेकडी तिच्या खिडकीसमोर आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोरॅगकडे चहाला गेलो. मे महिना, पण बाई घरात कोट घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेली. खिडकीतून हिरवी टेकडी दिसत होती, वर ढग रेंगाळत होते. नवरा कुत्र्याला घेऊन रोज संध्याकाळी तिथून उतरायचा, असं तिने सांगितलं. "इथून दिसला की मी बटाटे उकडायला टाकायचे." खरं सांगते, त्या खिडकीत बसल्यावर मलाही वाटलं की ही टेकडी अशीच राहू दे. आणि लगेच भिंतीवरची ओल दिसली.

मतदानाच्या सकाळी सुजाता पांढरी साडी नेसून खोलीतून बाहेर आली. बेटावरच्या त्या वाऱ्यात, वरून जाड जॅकेट. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं. आमच्या वस्तीत मतदान म्हणजे सण असायचा. सकाळी बुद्धवंदना, मग पांढरेशुभ्र कपडे घालून रांगेत. आमच्या आजोबांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांची मुलं मतपेटीपुढे सगळ्यांच्या बरोबरीने उभी राहत होती. सुजाताचे बाबा त्या दिवशी टेम्पो काढायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रावर पोहोचवायचे. विरोधी पक्षाचा झेंडा घरावर लावलेल्यांनाही.

बेटावर बस नाही. सुजाता गाडी घेऊन घरोघर फिरली, मी मागच्या सीटवर. हो म्हणणारे आले, पण जास्त करून टेकडीखालचे म्हातारेच आले, ज्यांनी महिनाभर उघडपणे विरोध केला होता. मी मराठीत म्हणाले, "अगं, यांना कशाला? घरीच बसू दे की."

"ते पेटीपर्यंत गेलेच पाहिजेत," ती म्हणाली. तिने आरशातूनही माझ्याकडे पाहिलं नाही.

मोरॅग शेवटी आली, लिपस्टिक लावून, ठेवणीतला कोट घालून. गुडघे धरत पुढच्या सीटवर बसली.

"सू, मी नाहीवरच फुली मारणार आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. सीटबेल्ट लावा."

मतदानाच्या हॉलमध्ये सूप होतं, स्कोन होते, जॅमच्या बरण्या होत्या. संध्याकाळी तिथेच मतमोजणी झाली, उन्हाचे लांब पट्टे जमिनीवर पडलेले असताना. पवनचक्की हरली. आम्ही गाडीतून विरोधातली जेवढी माणसं आणली होती, त्याहून कमी मतांनी.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सुजाताने बाह्या वर केल्या आणि कप धुवायला गेली. मी तिच्या शेजारी उभी राहून पुसत होते आणि मला इतका राग आला होता की एक कप हातातून निसटला. "तूच हरवलंस," मी म्हणाले. ती म्हणाली, "हो." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना घरी सोडायचंय अजून." आणि आम्ही त्यांना घरी सोडलं.

परतीच्या बोटीत धुकं होतं. बेट दिसेनासं झालं तेही कळलं नाही.

आता ऑक्टोबर आहे. नॉटिंगहॅममध्ये बटण दाबलं की रेडिएटर गरम होतो आणि दर वेळी मला त्या ओल्या भिंती आठवतात. सुजाताचा राग अजून येतो. तिचा अभिमानही वाटतो, आणि दोन्हींचा हिशेब लागत नाही. माझ्या रस्त्यावरच्या कुणालाही मी मतदानाला नेलेलं नाही, आपल्या बाजूच्यालाही नाही. बेट सुंदर आहे, जरूर जा, पण मला स्वप्नात दिसते ती गाडीच, समुद्राच्या कडेने हळूहळू जाणारी, आत सगळी गप्प माणसं.

काल मी फोन केला. मोरॅग परवापासून सुजाताकडेच राहते आहे, थंडीने तिच्या घरात बसवत नाही म्हणून. ट्रस्ट पुढच्या वर्षी पुन्हा मत घेणार आहे, असं सुजाता म्हणाली.

"मग आता तरी ती हो म्हणेल?"

"मी विचारलं नाही. नेणार आहे, एवढंच सांगितलंय."

मागून मोरॅगचा आवाज आला. तिला आमचा विषय बरोबर कळला होता. "तुझ्या मैत्रिणीला सांग, मी नाहीच म्हणणार." सुजाता हसली, मीही हसले. मग मोरॅगला खोकला आला, तो थांबेना, आणि सुजाता फोन तसाच ठेवून उठली.