कुवेतहून लावलेला कौल

सखाराम सुताराला अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, पण सगळी हातात. डोक्यात यायला उशीर व्हायचा, आणि तोच उशीर त्याला भोवला. मला अजून त्याचा राग येतो. आणि तो दारात आला की जेवल्याशिवाय त्याला जाऊही देत नाही. आता काय करायचं ते सांगा.

मी रबिया. माहेर, सासर दोन्ही रत्नागिरीकडे खाडीकाठी. इथे कुवेतमध्ये रिग्गई भागात मी जेवणाचे डबे करते, माझा नवरा अशरफ ते पोचवतो. सखाराम संगमेश्वरच्या बाजूचा, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर बॅचलर लोकांच्या खोलीत राहणारा. बॅचलर म्हणजे नावाचा, हो. लग्न झालं त्याच वर्षी तो कुवेतला आला. मुलगी जन्मली तेव्हा तो इथे, ती चालायला लागली तेव्हा इथे, आता तेजस्वी रत्नागिरीला कॉलेजात आहे तरी हा इथेच. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर जायचा आणि परत आला की आठवडाभर गप्प असायचा. एकदा मला म्हणाला, "भाभी, प्रत्येक वेळी घरात कुणीतरी मोठं झालेलं असतं किंवा कुणीतरी गेलेलं असतं. मी तेवढा तसाच." तेजस्वीचं शिक्षण संपलं की कायमचं गावी जायचं, बायकोजवळ, हे त्याचं पक्कं ठरलेलं. त्याच्यावरच तो दिवस ढकलत होता.

शुक्रवारी सुट्टी. खालच्या खोलीत इंटरनेट धड चालायचं नाही आणि सगळ्यांसमोर बायकोशी बोलायची त्याला लाज, म्हणून दुपारी तो आमच्या हॉलमध्ये येऊन बसायचा. गावी बायकोने, कमलने, फोन घ्यायचा, इथे याने, आणि दोघांनी एकाच वेळी एक मालिका लावायची. तुर्की मालिका, हिंदीत डब केलेली. मीही भाजी निवडत बसायचे. अशरफ म्हणायचा, नवरा-बायकोच्या मध्ये तुझं काय काम? मी म्हणायचे, तुम्ही कधी माझ्यासोबत काही बघितलंत का? मग तो आत जाऊन झोपायचा.

मालिकेची गोष्ट अशी. सेलमा नावाची बाई जुन्या विहिरीत उतरते आणि वर येते ती शंभर वर्षं मागे. नवरा ओरहान इकडे आजच्या काळात. ती तिकडे, हा इकडे, दोघंही म्हातारी होत चालली, पण भेट नाही. बाई, काय ते रडणं. आमच्या इमारतीतले निम्मे बॅचलर ती मालिका चोरून बघायचे, विचारलं की नाही म्हणायचे. घरापासून लांब राहणाऱ्याला विहिरीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सखाराम तर ओरहानवर जीव टाकायचा. "बघा भाभी, माणूस असा हवा. दुसरीकडे नजर नाही."

कमलला मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण फोनवर आमचं छान जमायचं. हसरी बाई. सासूचं अंथरुणातलं सगळं केलं, शेती बघितली, मुलगी वाढवली, आणि शुक्रवारी केस विंचरून, चांगली साडी नेसून फोनसमोर बसायची. मी चिडवायचे, "कमलताई, नवऱ्यासाठी नटलात की ओरहानसाठी?" ती म्हणायची, "जो आधी घरी येईल त्याच्यासाठी."

आणि मग तो भाग आला. सेलमा एकदाची परत येते. केस पिकलेले. ओरहान दार उघडतो. आणि ती त्याला सांगते की तिकडे तिने एका गिरणीवाल्याशी लग्न केलं होतं. एकटी बाई, परका काळ, डोक्यावर छप्पर नाही, म्हणून.

सखाराम उसळला. "इतकी वर्षं तो थांबला आणि हिने संसार मांडला? ही कसली प्रीती?"

तिकडून कमल शांतपणे म्हणाली, "तिने बरोबर केलं. एकटीने दिवस काढणाऱ्या बाईला विचारा म्हणजे कळेल. आणि मन तिचं ओरहानकडेच होतं की."

"तुला काय माहीत?" सखाराम म्हणाला.

कमल हसली. "मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

एवढंच. मला तिचं म्हणणं पटलं, अगदी मनापासून पटलं. बाई आपल्या एकटेपणाबद्दल बोलत होती, आणि तेही इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण सखारामचा चेहरा उतरला. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. डबा अर्धा परत यायचा. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "भाभी, ती का हसली?" मी म्हटलं, सखारामभाऊ, हसायचं नाही तर काय तुम्हाला घाबरून राहायचं? तिच्याशी नीट बोला, मनातलं बोलून टाका. तो मान हलवून गेला. मला वाटलं, समजला.

दोन-तीन शुक्रवार तो आलाच नाही. मग एका संध्याकाळी आला तो पेढे घेऊन. चेहरा उजळलेला, दाढी केलेली. म्हणाला, "भाभी, तोंड गोड करा. उजवा कौल मिळाला."

मी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून राहिले. आम्ही मुसलमान, आम्हाला कौल लावायचा नसतो, पण कोकणात वाढलेल्या माणसाला कौल काय ते सांगावं लागत नाही. गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. विहीर कुठे खणावी, स्थळ करावं का, हरवलेली म्हैस सापडेल का, सगळं देवाला विचारतात. आणि मनातल्या मनात नाही विचारत. गुरव गाऱ्हाणं घालतो ते मोठ्याने, नावानिशी, देवळात मानकरी आणि चार गावकरी उभे असताना.

"कशाचा कौल?" मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "कमलचा. माझ्या पाठीमागे ती सरळ राहिली का, ते. माझा चुलतभाऊ दत्तप्रसाद गेला होता माझ्या वतीने. देवाने पहिल्या झटक्यात उजवा दिला. आता माझ्या मनात काही नाही."

मला इतका संताप आला की काय बोलतेय याचं भान राहिलं नाही. मी म्हटलं, "मेल्या, बायको सोबत बसून मालिका बघत होती, तिला विचारायला तुझी जीभ झिजली असती? तू सगळ्या गावाला विचारलंस? हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो तुला?" अशरफ उठून बाहेर आला, मला गप्प राहा म्हणून खुणावू लागला. सखाराम पेढ्यांचा पुडा घेऊन उभाच. त्याला खरंच कळत नव्हतं. म्हणत होता, "पण भाभी, कौल चांगला आलाय." त्याच्या लेखी त्याने बायकोची बाजू देवाकडून पक्की करून घेतली होती.

पुढच्या शुक्रवारी तो आला, फोन लावला. कमलने उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एकदा उचलला, तेव्हा मी तिथेच होते. केस तसेच, अंगावर घरातली जुनी साडी. तिचा आवाज चढलेला नव्हता.

ती म्हणाली, "गुरवाने माझं नाव घेऊन विचारलं. सगळी वाडी उभी होती. आता बायका भेटल्या की म्हणतात, कौल चांगला मिळाला हो कमल. म्हणजे मी पास झाले का? आणि डावी पाकळी पडली असती, वाऱ्याने पडली असती, तर मी काय करायचं होतं?"

सखाराम म्हणाला, "पण पडली नाही ना."

"नाही पडली. देवाने तुम्हाला उत्तर दिलं. आता देवालाच फोन करत जा." आणि तिने फोन ठेवला.

त्याने रजा मागितली. मिळायला उन्हाळा उजाडला. जाताना बॅग भरून सामान घेतलं, तिच्यासाठी अत्तर, मिक्सर, काय काय. मी म्हटलं, सामान राहू दे, आधी तिची माफी मागा, सगळ्या वाडीसमोर मागा. बैल गेला नि झोपा केला असं व्हायला नको. तो म्हणाला, मागतो. दोन महिन्यांसाठी गेलेला माणूस पंधरवड्यात परत आला.

दुपारची वेळ. बाहेर धुळीने सगळं पिवळं झालेलं. तो हॉलमध्ये बसला, मी पाणी दिलं. त्याने देवळात उभं राहून माफी मागितली होती, ते खरं. कमल भांडली नाही, रुसली नाही. वेळेवर जेवायला वाढायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, पाहुण्याला विचारतात तसं आणखी भाकरी हवी का विचारायची. तेजस्वी दोघांकडे बघत राहायची. एक दिवस न राहवून यानेच विचारलं की तू मला माफ केलंस का.

"ती म्हणाली," सखाराम सांगत होता, "ती म्हणाली, माफ केलं. घर तुमचं आहे, कधीही या. पण इतकी वर्षं मी तुमची वाट बघत होते ती कुणी सांगितलं म्हणून नाही, मला आवडायचं म्हणून. आता नाही आवडत. आता तुम्ही याल तेव्हा याल."

मग तो रडला. मोठा माणूस, ओठ दाबून रडत होता, आणि मला त्याची कीव आली, आणि कमलचा राग एवढासाही आला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

डोळे पुसून तो म्हणाला, "भाभी, सुट्टी अजून बाकी होती. पण तिथे बसून राहून मी काय करणार होतो?"