शनीच्या चंद्रावरची वऱ्हाडी

अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते. सहा वर्षांपूर्वी मी विज्ञान कादंबरी लिहायला घेतली. शनीच्या एका चंद्रावर, बर्फाखालचं पाणी शोधायला गेलेली वऱ्हाडातली माणसं आणि त्यांची प्रमुख बाई. सगळी आमच्या घरात बोलतात तशीच बोलायची.

दर रविवारी मी एसटीने अकोल्याला बाबांकडे जायची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांना डोळ्यांमुळे वाचता येत नव्हतं, म्हणून नवं प्रकरण मीच वाचून दाखवायची. ते मधेच थांबवत. "पानी सापडल्यावर ते बाई पयले चाखून पायीन का नाई? का नुसती मशीनच लावत बशीन?" मी तिथल्या तिथे बदल करायची. कादंबरीतले चांगले संवाद निम्मे त्यांचेच.

तीन प्रकाशकांनी उत्तरही दिलं नाही. चौथ्यांच्या संपादकांचा पुण्याहून फोन आला. "कथानक उत्तम आहे. पण शास्त्रज्ञ बाई असं बोलते? वाचक हसतील हो. भाषा तेवढी प्रमाण करा, आपण लगेच छापू."

मी चाळिशीला आले होते. हो म्हणून टाकलं. पंधरा दिवस बसून एकेक 'मले' खोडून 'मला' केलं. चाखण्याचा प्रसंगही गेला. संपादकांना तो बाळबोध वाटला.

पुस्तक आलं तशी मी अकोल्याला गेले. बाबांनी दोन प्रकरणं ऐकली. एकदाही थांबवलं नाही.

"हे लोकं कोन हायेत?" त्यांनी विचारलं.

"तेच हायेत, बाबा. छापाचं म्हनून बदलावं लागलं."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि रेडिओ लावायला सांगितला.

पुढच्या रविवारी पुस्तक माझ्या पिशवीतच राहिलं. त्यांनी मागितलं नाही, मला काढवलं नाही. त्याच हिवाळ्यात बाबा गेले.

एका परीक्षणात माझ्या नितळ भाषेचं कौतुक आलं. क्लासमधल्या सरांनी ते कापून स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं. मी ते पुरतं वाचू शकले नाही.

आता दुसरी कादंबरी लिहून पाहतेय, कुणालाही न विचारता, आमच्या बोलीत. पण एखादं वाक्य लिहिलं की ते मला नक्कल केल्यासारखं वाटतं. प्रमाण भाषेत लिहिलं की बाबांचा तो प्रश्न ऐकू येतो. दोन्ही खोडते. वर्षभरात अकरा पानं झाली. यान आहे, बर्फ आहे, माणसं आहेत. अजून कुणी एक शब्द बोललेलं नाही.